चीज सॅलडबरोबर रेड वाइन

बाबा,

वाइन आणि दारू यांत फरक असतो हे तुम्हाला कधी पटलं नाही, आणि मला मात्र तो फरक लोकांना समजावून सांगण्यावरच पोट भरावं लागलं. तुमचं म्हणणं सोपं होतं. जे प्यायल्यावर माणूस घरचा रस्ता विसरतो ती दारू, मग बाटलीवर काही का लिहिलेलं असेना. मी हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला होते, नवं नवं शिकून आलेलं ताटावर बसूनच ओकायची सवय होती. "बाबा, वाइन जेवणाबरोबर घेतात, चवीसाठी," असं मी म्हटलं की तुम्ही आमटीचा भुरका मारून म्हणायचात, "आम्हीपण चवीसाठीच घ्यायचो. सोबत चणे असायचे." आत आई भांडं आपटायची. आमच्या घरात तो विनोद करायचा हक्क फक्त तुम्हाला होता आणि हसायचं कुणी हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मी ताटात बघायचे. तुम्ही एकटेच थोडंसं हसून गप्प व्हायचात.

डोंबिवलीची ती दोन खोल्यांची जागा मला अजून अंधारातसुद्धा चालता येईल इतकी आठवते. तुम्ही शहाडच्या कारखान्यात फिटर होतात. पाळी सुटली की कल्याणवरून सरळ घरी यायचं, पण तुम्ही वाकडी वाट करून विठ्ठलवाडीच्या गुत्त्यावर जायचात आणि तिथून घरी येईपर्यंत तुमचं जे काही व्हायचं ते आम्हाला जिन्यावर ऐकू यायचं. इतर दारुडे शिव्या द्यायचे, बायकोवर हात उचलायचे. तुम्ही माफी मागायचात. पहिल्या मजल्यापासून सुरुवात करून प्रत्येक दार ठोठावायचं आणि जे कोण उघडेल त्याला हात जोडून म्हणायचं, "वहिनी, माफ करा हं. चुकलं माझं." काय चुकलं ते तुम्हालाही माहीत नसायचं. लोक दार लोटून घ्यायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर तुमचे पाय वाजले की आधीच कडी घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी नळावर आईला म्हणायच्या, "तुमचे हे स्वभावाने चांगले आहेत हो." आई मान खाली घालून हंडा भरायची. मी वर्गातल्या मैत्रिणींना घरी कधीच बोलावलं नाही. कुणी विचारलं तर आमच्याकडे पाहुणे आहेत म्हणायचे. आमच्याकडे वर्षभर पाहुणे असायचे.

खडवलीचं मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुम्हीच सांगितलंत, आणि ते कुठे सांगितलंत हेच मला आज लिहायचं आहे, पण त्याआधी ते कसं घडलं तेही लिहायला हवं, कारण तुम्हाला त्यातलं अर्धं आठवत नव्हतं.

मी चौथीत होते. तुमच्या खात्यातल्या लोकांची सहल निघाली होती, नदीवर. आईला बरं नव्हतं म्हणून तुम्ही मला एकटीला घेऊन गेलात. सकाळी तुम्ही मला पाण्यात धरून पोहायला शिकवत होतात, पोटाखाली तुमचा हात होता. दुपारी जेवणं झाली, तुम्ही सगळे झाडाखाली पत्ते घेऊन बसलात, बाटल्या आल्या. मी जरा लांब चटईवर झोपले. उठले तेव्हा चटई होती आणि मी होते. बाकी कुणी नव्हतं. पलीकडे एक बाई भांडी घासत होती. मी रडले नाही, मला लाज वाटत होती. तिने विचारलं, "कुणाची गं तू?" तर मी म्हटलं, "बाबा येतायत." बराच वेळ मी तेच म्हणत राहिले. शेवटी ती मला हाताला धरून स्टेशनात घेऊन गेली. स्टेशन मास्तरांनी कुठे कुठे फोन केले, मला बिस्किटं दिली. अंधार पडल्यावर आई शेजारच्या काकांबरोबर आली. तिने मला मारलं नाही की जवळ घेतलं नाही. नुसती चप्पल माझ्या पायात नीट घातली. घरी आलो तर तुम्ही झोपलेले होतात, बूट घालूनच.

त्यानंतर लगेच सुटली असं नाही. लोकांना तसं सांगायला आवडतं, तसं झालं नाही. अजून बरेच महिने तुम्ही प्यायलात. मग कारखान्यातले कुणीतरी तुम्हाला कल्याणला घेऊन गेले, एका शाळेच्या वर्गात, जिथे संध्याकाळी तुमच्यासारखी माणसं मुलांच्या बाकांवर बसून आपापलं सांगतात. तुम्ही जायला लागलात. दोनदा पुन्हा घसरलात, पुन्हा गेलात. आणि मग एकदाची ती बंद झाली आणि बंदच राहिली. मी शाळेतून कॉलेजात गेले तरी दर गुरुवारी तुम्ही कल्याणला जातच होतात. मला वाटायचं, आता सुटली ना, मग कशाला जायचं? शेजारी विसरत आले होते, तुम्हीच दर आठवड्याला जाऊन ते उकरून काढत होतात.

मी हॉटेल मॅनेजमेंटला जाते म्हटल्यावर आई दोन दिवस जेवली नाही. "या घरातली मुलगी लोकांना दारू वाढणार?" तुम्ही फॉर्मवर सही केलीत आणि म्हणालात, "अगं, ती ओतणार आहे, पिणार नाही. मला जर कुणी ओतायला ठेवलं असतं तर मीपण सुधारलो असतो." पुन्हा विनोद. पुन्हा कुणी हसलं नाही.

ठाण्याचं ते हॉटेल नवीन उघडत होतं तेव्हा मला तिथे नोकरी लागली. गावात तोवर उडप्यांची हॉटेलं आणि परमिट रूम एवढंच होतं. पांढरे टेबलक्लॉथ, उंच दांड्याचे ग्लास, वाइनची यादी असलं काही ठाण्यात चालेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. डायनिंग हॉलमध्ये वाढायला मी एकटीच मुलगी. मॅनेजर दिल्लीकडचे होते, मोठ्या हॉटेलातून आलेले, कडक पण आपल्या माणसांचं कौतुक करणारे. हॉटेल उघडण्याआधी त्यांनी स्टाफच्या घरच्यांना जेवायला बोलवायचं ठरवलं. नाव फॅमिली डिनर, खरं तर रंगीत तालीम. सगळं खरं शिजणार, खरं वाढलं जाणार, काही बिघडलं तर घरचेच लोक. सूपनंतर चीज सॅलड होतं आणि त्याच्याबरोबर वाइन. मॅनेजर मला म्हणाले, "ये कोर्स तुम्हारा. वाइन कौन सी जाएगी, तुम तय करो." हे नीट झालं तर मी कायम होणार होते, वाइनचं सगळं माझ्याकडे येणार होतं.

ठरवायला काही अवघड नव्हतं बाबा. सॅलडमध्ये व्हिनेगर असतं. त्याच्यापुढे रेड वाइन टिकत नाही, तिचा तुरटपणा व्हिनेगरशी भांडतो आणि तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागतं. चीज, काकडी, टोमॅटो, लेट्यूस आणि वर आंबट ड्रेसिंग, म्हणजे थंड, ड्राय व्हाइट वाइन. आंबटाला आंबट. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि तरी मी रेड ठरवली.

कारण तुम्ही येणार होतात. तुम्ही करड्या रंगाचा सफारी इस्त्रीला टाकला होता. कारखान्यात सगळ्यांना सांगून झालं होतं. मी घरी सराव करायचे तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक व्हायचात. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पाट मांडून तुम्ही बसायचात, पुढे स्टीलचा पेला, आणि मी पाण्याच्या बाटलीला पंचा गुंडाळून उजव्या बाजूने ओतायचे. ओतून झालं की मनगट वळवायचं म्हणजे थेंब सांडत नाही. "वळव, अजून वळव," तुम्ही म्हणायचात. "बघ, सांडला." तुम्ही थेंब बोटाने पुसायचात. आई गॅसकडे तोंड करून उभी असायची. मला त्या सकाळी आवडायच्या, आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात एकच विचार असायचा, की त्या दिवशी तुमच्या पुढच्या ग्लासाचं काय करायचं.

खरं म्हणजे काहीच करायचं नव्हतं. अर्ध्या आया वाइनला हात लावणार नव्हत्या. ज्याला नको त्याला ताजं लिंबू सरबत द्यायचं, कुणी कारण विचारत नाही, हेही मीच बाकीच्यांना शिकवत होते. पण आमचे मॅनेजर आग्रह करणारे होते, आणि पुरुषांना तर फारच. त्यांनी तुम्हाला आग्रह केला की तुम्ही काय बोलाल याची मला धास्ती होती. जिन्यावरचे ते पाय मला ऐकू यायला लागले. तेव्हा मी ठरवलं की तुमच्या ग्लासात कोकम घालायचं. कोकम लाल, म्हणून वाइन लाल पाहिजे. बाबा, तुमच्या ग्लासातलं सरबत लपावं म्हणून मी चाळीस माणसांच्या जेवणाची वाइन बदलली. मग त्या वाइनला चालावं म्हणून सॅलड बदललं. व्हिनेगर काढून लिंबाचे चार थेंब ठेवले, टोमॅटो भट्टीत भाजून गोड करून घेतले, चीज वाढवलं, अक्रोड भाजून घातले. मॅनेजरांनी चाखलं, रेडचा घोट घेतला, पुन्हा चाखलं. "अजीब है," म्हणाले, "लेकिन चलेगा." आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "देखो, ये लड़की किताब से नहीं चलती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिने कोकमाचं आगळ काढलं, सरबत केलं, मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळलं, उजेडापुढे धरून रंग बघितला. "कुणाला कळणार नाही," ती म्हणाली. तुम्हाला यातलं काही सांगायचं नाही असं आमचं दोघींचं ठरलं. तुम्ही घोट घेतलात की तुम्हाला आपोआप समजेल आणि तुम्ही गप्प बसाल, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या संध्याकाळी मी दारात उभी राहून लोकांना जागा दाखवते आहे. तुम्ही येता. केस चप्प बसवलेले, खिशाला पेन. आईने नारळी काठाची साडी नेसली आहे. तुम्ही त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर बोट फिरवून बघता आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणता, "माझी मुलगी आहे ती. तीच वाढणारे." तो कुणाचा तरी वडीलच. तो म्हणतो, "वा." मी लांबून बघते आणि मला वाटतं, निभावलं.

तेवढ्या वेळात आत स्वयंपाकघरात आचाऱ्याने सवयीने ड्रेसिंगमध्ये व्हिनेगर घातलं होतं. मॅनेजरांनी शेवटचं चाखून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं, "रेड हटाओ, व्हाइट निकालो." पाच मिनिटांत सगळे ग्लास बदलले. मला सांगायला कुणी बाहेर आलं नाही, सगळे घाईत होते. फक्त तुमचा ग्लास आधीच भरून बाजूला ठेवलेला होता. माझ्याबरोबर काम करणारा एक वेटर होता, चेंदणी कोळीवाड्यातला, त्याला मी दहादा बजावलं होतं की कोपऱ्यातल्या टेबलावर करड्या सफारीवाल्या काकांना हाच ग्लास, दुसरा नाही. त्याने इमानदारीत तोच आणून ठेवला. मी दारापासून हॉलमध्ये आले तेव्हा सगळ्या हॉलभर फिकट पिवळे ग्लास मांडलेले होते आणि त्यात एकच लालभडक. मी त्याच्याकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "तूच बोललीस ना?"

तुम्ही तोवर घोट घेतला होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काय ते तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही खरंच गप्प बसलात. सॅलड खाऊ लागलात. काट्याने चीजचा तुकडा धरायला तुम्हाला जमत नव्हतं, तर तुम्ही चमचा घेतलात.

मॅनेजर टेबलाटेबलावर फिरत होते. तुमच्यापाशी आले आणि थांबले. "अरे, अंकल को रेड किसने दिया?" ग्लास उचलला, नाकाजवळ नेला आणि मोठ्याने हसले. "ये तो शरबत है!" आजूबाजूचे लोकही हसले. वाईट नव्हते हसत, मजेत हसले. आईने पदर तोंडावर धरला. मॅनेजरांनी नवा ग्लास मागवला, तुमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "अंकल, आज तो बेटी के हाथ की पीनी पड़ेगी. बस एक घूंट. बेटी का पहला दिन है." मग माझ्याकडे वळले. "डालो."

माझ्या हातात व्हाइटची बाटली होती, फडकं गुंडाळलेली. मी ती वाकवली. हे मला लख्ख आठवतं आणि यात मी काही फिरवून सांगू शकत नाही. सगळे बघत होते, आणि तो क्षण एकदाचा संपावा म्हणून मी ती तुमच्या ग्लासावर वाकवली. एक घोट घेतील, असं माझ्या मनात आलं. एका घोटाने काय होतंय, असंही आलं. ज्या वाक्याने तुमचा दोनदा घात झाला होता तेच वाक्य.

तुम्ही ग्लासावर तळहात ठेवलात. वाइन तुमच्या हातावर पडली, मनगटावरून सफारीच्या बाहीत गेली. तुम्ही उठून उभे राहिलात. घसा खाकरलात. आणि जसे तुम्ही त्या कल्याणच्या वर्गात उभे राहून बोलत असणार तसे बोललात, ना मोठ्याने ना हळू. "साहेब, मी दारुडा आहे. ही शाळेत होती तेव्हा सोडली. मला एक घोट चालत नाही." मॅनेजरांना मराठी अर्धवट यायचं, ते अजून हसतच होते. तेव्हा तुम्ही पुढे म्हणालात, "हिला मी एकदा खडवलीला नदीवर विसरून आलेलो. पिऊन. ही एवढीशी होती." आणि हाताने टेबलाच्या उंचीइतकी दाखवलीत. मग टेबलावरच्या लोकांकडे वळून हात जोडलेत. "माफ करा हं. जेवा तुम्ही."

काट्याचमच्यांचा आवाज बंद झाला. मॅनेजरांचा चेहरा उतरला, ते "सॉरी सर, सॉरी," म्हणत मागे सरले. तुम्ही बसलात आणि चमच्याने उरलेलं सॅलड खाल्लंत. मी पुढच्या टेबलाकडे गेले, कारण तिथे ग्लास रिकामे होते. मी ओतलं, मनगट वळवलं, तरी प्रत्येक ग्लासाशेजारी थेंब पडत गेला. एका बाईने मला हलक्या आवाजात विचारलं, "तुझे वडील का गं?" मी हो म्हटलं नाही. मान हलवली, ती तिला हवी तशी समजावी अशी.

परत जाताना ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर आपण तिघं बाकावर बसलो होतो. आई मध्ये. तुमची बाही अजून ओली होती आणि तिला वास येत होता, आणि इतक्या वर्षांनी तुमच्या अंगाला तो वास आला म्हणून आई तोंड फिरवून बसली होती. तुम्ही विचारलंत, "तुझी नोकरी जाईल काय गं?"

मी म्हटलं, "कशाला बोललात ते सगळं? नुसतं नको म्हणायचं ना."

"नको म्हटलं की माणसं आग्रह करतात. कारण सांगितलं की नाय करत."

"पण खडवलीचं कशाला?"

तुम्ही जरा विचार केलात. "ते आपोआप आलं. तिथे गुरुवारी मी तेच सांगतो ना. पहिल्यापासून तेच सांगतो." आणि मग, अजिबात टोचून नाही, असंच काहीतरी आठवल्यासारखं म्हणालात, "तुला बोलावलेलं ना मागे, माझा दारू सोडल्याचा वाढदिवस होता तिथे. आली असतीस तर आज एवढं लागलं नसतं तुला."

बोलावलं होतंत. घरच्या लोकांना आणायला सांगितलं होतं म्हणून तुम्ही तीन-चारदा विचारलं होतंत, आणि मी क्लास आहे म्हणून सांगितलं होतं. क्लास नव्हता. तुम्ही एकटे गेला होतात आणि येताना माझ्यासाठी कागदात बांधून केकचा तुकडा आणला होतात.

गाडी येताना दिसली तेव्हा तुम्ही उठता उठता विचारलंत, "ते सरबत कुणाच्या डोक्यातलं?"

मी म्हटलं, "आईच्या."

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हो, माझ्याच," ती म्हणाली.

"चांगलं झालेलं," तुम्ही म्हणालात. "मीठ जरा जास्त होतं."

माझी नोकरी गेली नाही. मॅनेजरांनी पुन्हा तो विषय काढला नाही, उलट त्यानंतर पाहुण्यांना आग्रह करायचा नाही असा त्यांनी नियमच केला. मी कायम झाले. वाइनचं सगळं माझ्याकडे आलं. तुम्ही मात्र पुन्हा कधी हॉटेलात आला नाहीत, आणि मी कधी बोलावलं नाही. रविवारचा सरावही बंद झाला, कारण आता मला येत होतं.

पुढे काही वर्षांनी तुम्ही गेलात, लिव्हरने. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की हे जुनं आहे, तेव्हा झालेलं, आता उमटतंय. थेंब न घेता इतकी वर्षं काढलीत आणि शेवटी मरण मात्र दारुड्याचं आलं. बिल्डिंगमधले लोक जमले होते आणि कुजबुज मला ऐकू येत होती, बघा, शेवटी दारूनेच नेलं. स्मशानात कल्याणचे ते तुमचे गुरुवारचे सोबती एका बाजूला उभे होते, बरेच होते, एवढे येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्यातले एक म्हातारे माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, दोन शब्द बोलू का? यांच्यामुळे आमची किती माणसं उभी राहिली ते लोकांना सांगावंसं वाटतं." मी म्हटलं, "नको काका. इथे नको." ते म्हणाले, "बरं." आणि परत जाऊन रांगेत उभे राहिले. त्यांनी सांगितलं असतं तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही कळलं असतं. पण ते सांगण्यासाठी पहिलं वाक्य "हे दारुडे होते" असंच असणार होतं, आणि ते वाक्य पुन्हा एकदा लोकांसमोर ऐकायची माझी तयारी नव्हती.

तुमच्या जावयाला मी लग्नाच्या वेळी सांगितलं की तुम्हाला हार्टचं होतं. आई तेव्हा होती. ती काही बोलली नाही. तुमच्या नातवालाही तेच माहीत आहे.

मी आता कॉलेजात शिकवते बाबा. मुलं हुशार आहेत, परदेशी जायची स्वप्नं बघतात, वाइनची नावं माझ्यापेक्षा चांगली उच्चारतात. गेल्या आठवड्यात चाखण्याचं प्रात्यक्षिक होतं. एक मुलगी विठ्ठलवाडीहून येते, अभ्यासात पहिली, ती ग्लास तोंडाजवळ नेऊन थांबली आणि बाहेर पळाली. मी मागे गेले. ती नळाशी उभी राहून तोंडावर पाणी मारत होती. "मॅडम, मला वास सहन होत नाही," ती म्हणाली. "घरी पप्पा रोज पिऊन येतात. कॉलेजात कुणाला सांगू नका प्लीज." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चाखलं नाही तरी मार्क कापणार नाही, वास घेऊन, रंग बघून सांग, असं म्हटलं. तिने डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कुणी प्यायचं का?"

तिथे नळाशी आम्ही दोघीच होतो. तिला फक्त एक हो हवा होता. तुम्ही असतात तर उभ्या उभ्या सगळं सांगितलं असतंत, माझ्या उंचीसकट.

मी म्हटलं, "नाही गं. आमच्या घरी कधीच कुणी नाही."

ती "हो का," म्हणाली आणि ओढणी सारखी करून वर्गात गेली. मी तिला सोमवारी बोलावून सगळं सांगणार आहे, असं मघाशी इथे लिहिलं होतं. ते खोडलं. गेले पाच-सहा दिवस ती रोज समोर येते, आणि मी रोज हजेरी घेऊन पुढच्या नावावर जाते.